स्वतःला पेरणारं पीस

हे पीस कुठल्याच पक्ष्याचं नाही.

तळहातावर घेतलं तर त्याचं वजनही जाणवत नाही. लांबी फूटभर, कधी त्याहून थोडी जास्त. मधोमध केसासारखी बारीक काडी आणि तिच्या अंगावर चंदेरी, रेशमी लव. हलकी फुंकर घातली तरी शहारा आल्यासारखं सगळं थरथरतं. बगळ्याच्या पाठीवरून गळून पडलं असावं, असंच कुणालाही वाटेल. पण जरा बुडाशी पाहा. पक्ष्याच्या पिसाला असतो तसा पोकळ देठ तिथे नाही. तिथे आहे एक तपकिरी, सुईसारखं टोकदार बी! आपण हातात धरलंय ते गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस आणि बांबू यांच्या घराण्यातलं अस्सल गवत.

शास्त्रज्ञ त्याला स्टिपा पेन्नाटा म्हणतात. लिनीयसने १७५३ मध्ये हे नाव नोंदवलं. त्यातल्या ‘पेन्नाटा’चा अर्थ पिसं असलेली. इंग्रज आणि जर्मन लोकही आपापल्या भाषेत त्याला पिसाचं गवत म्हणतात, तेव्हा आपणही सोयीसाठी ‘पीसगवत’ म्हणू या. हंगेरीतल्या लोकांना मात्र त्यात पीस दिसलंच नाही. त्यांनी नाव ठेवलं ‘आर्वालान्यहॉय’, म्हणजे पोरक्या मुलीचे केस. उघड्या माळावर वाऱ्याने भुरभुरणारे, विंचरून वेणी घालायला कुणी नसलेले केस. गवताकडे इतक्या मायेने पाहणारं दुसरं नाव मला तरी आठवत नाही. तिथले बालवीर आजही आपल्या टोपीत या केसांचा झुबका खोवतात.

टोपीत खोवण्याची हौस जुनीच. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्डने १५९७ साली वनस्पतींवरचा आपला जाडजूड ग्रंथ छापला, तेव्हा हे गवत तिथल्या बागांत पोचलेलं होतं आणि हौशी स्त्रिया खऱ्या पिसाऐवजी तेच मिरवत होत्या. म्हणजे चारशेहून अधिक वर्षं माणूस हे गवत निव्वळ शोभेसाठी लावतो आहे. आणि ज्या पिसावर माणूस एवढा भाळला, ते पीस खरं तर एक अवजार आहे. जमिनीत भोक पाडणारं, कुणाचा हात न लागता आपोआप चालणारं अवजार!

हे अवजार लागलं तरी कशाला?

त्यासाठी या गवताच्या गावी जायला हवं. हंगेरीच्या मैदानांपासून युक्रेन, दक्षिण रशिया, कझाकस्तान ओलांडून थेट सायबेरियाच्या दक्षिण कडेपर्यंत गवताळ माळांचा एक पट्टा पसरलेला आहे. यालाच स्टेप म्हणतात. झाडं जवळपास नाहीत. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात करपवणारं कोरडं ऊन आणि वारा बाराही महिने. मे-जून महिन्यांत पीसगवताला तुरे येतात, तेव्हा अख्खा माळ चांदीच्या लाटांनी हेलकावत असतो. हे पाहून समुद्र आठवला नाही असा प्रवासी विरळा.

पण त्या लाटांखाली, जमिनीलगत, परिस्थिती बिकट आहे. वर्षानुवर्षं साचलेला वाळक्या पातींचा थर मातीवर पसरलेला असतो. त्यावर पडलेल्या बियाची काय गत? मुंग्या ओढून नेतात, उंदीर खातात, ऊन वाळवतं, वणवा भाजून काढतो. वाचायचं तर मातीत शिरायला हवं. शेतकरी पाभर चालवतो आणि बी दोन-तीन बोटं खोल जातं. माळरानावर पाभर कोण चालवणार?

पीसगवताने आपली पाभर बियाबरोबरच बांधून पाठवली आहे.

आता ते अवजार बारकाईने पाहू. खालून वर जाऊ. सगळ्यात खाली बियाचं टोक, सुईसारखं अणकुचीदार. टोकाच्या जरा वर ताठ केसांचा एक झुपका, आणि हे सगळे केस वरच्या दिशेने कललेले. त्यावर कवचात घट्ट बंद असलेलं बी. बियाच्या माथ्यावरून एक लांब कुसळ निघतं. या कुसळाचा खालचा भाग उघडा, लव नसलेला आणि दोरीसारखा पीळ पडलेला. तिथून कुसळ एकदम गुडघ्यात वाकल्यासारखं वळतं आणि पुढे सुरू होतं ते लांबलचक पीस.

टोक, उलटे केस, पीळ, गुडघा, पीस. एवढेच सुटे भाग आहेत. एकही जास्तीचा नाही.

बी पिकलं की वारा पीस पकडतो आणि बी उचललं जातं. जड भाग खाली, हलका भाग वर, त्यामुळे हवेत ते बॅडमिंटनच्या शटलसारखं सरळ राहतं आणि उतरतं तेही टोक खाली करूनच. टोक पातींच्या थरातून कुठेतरी मातीला टेकतं. वरचं पीस शेजारच्या गवताच्या काड्यांत अडकतं. उड्डाण संपलं. इथून पुढे काम सुरू.

रात्र होते. हवा गार आणि दमट होते, दव पडतं. पीळ पडलेला भाग ओलावा शोषून घेतो आणि सावकाश उलगडू लागतो, त्याबरोबर गुडघाही सरळ व्हायला बघतो. पण वर पीस अडकलेलं आहे, ते फिरू शकत नाही. मग फिरणार कोण? खालचं टोक! सुताराच्या हातातल्या गिरमिटासारखं ते गरगरत मातीत घुसतं. सुताराचं गिरमिट फिरवायला मूठ लागते. इथे ती मूठ म्हणजे वर अडकून बसलेलं पीस.

सकाळी ऊन तापतं. कुसळ वाळतं, पुन्हा पीळ भरतो. आता सगळं उलट फिरून बी बाहेर यायला हवं, नाही का? इथे ते वर कललेले ताठ केस कामाला येतात. शेतावर वाढलेल्या मुलांनी गव्हाची ओंबी बुडाच्या बाजूने शर्टाच्या बाहीत सरकवून पाहिली असेल. हात हलवत राहिलं की ती काखेच्या दिशेने चढत जाते, मागे येतच नाही. तेच इथे. बी खाली जाताना केस अंगाला चिकटून बसतात. वर यायला बघितलं की फुलून मातीत रुततात. माघार बंद. रात्री थोडं खाली, दिवसा जागच्या जागी पकड, पुन्हा रात्री थोडं आणखी खाली. असं करत करत बी गाडलं जातं. पुढे पीस गुडघ्यापाशी तुटून वाऱ्याबरोबर निघून जातं.

या घड्याळाला रोज चावी कोण देतं? रात्र देते आणि दिवस ती वापरून टाकतो. इंधन म्हणून लागतं फक्त दव.

याहून मोठं नवल पुढेच आहे. हे सगळं जे करतं ते कुसळ मेलेलं असतं! बियाच्या आतला अंकुर जिवंत, पण कुसळातल्या पेशी केव्हाच वाळून रिकाम्या झालेल्या असतात. त्यांच्यात रस नाही, श्वास नाही, काही नाही. उरल्या आहेत त्या नुसत्या भिंती. भिंती कशा काय वळतात?

आपल्या घरातलं पावसाळ्यातलं दार आठवा. जुलै महिन्यात ते चौकटीत अडकतं, कारण लाकूड ओलावा पिऊन फुगतं. पण दार रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. लाकडातले धागे उभे असतात आणि ते धागे, म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू, लांबीत ताणले जात नाहीत. फुगतो तो त्यांच्या मधला भरणा. म्हणून लाकूड धाग्यांच्या आडव्या दिशेने पसरतं. दारातले धागे सुताराने उभे बसवलेले असतात, त्यामुळे ते निदान सरळ फुगतं.

आता असं समजा की धागे उभे नाहीत, तिरके आहेत. एखाद्या नळीभोवती जिन्यासारखे गोल गोल चढत गेलेले आहेत. नळीच्या भिंतीतला भरणा फुगला. धागे तर ताणायला तयार नाहीत. मग नळी काय करणार? तिला स्वतःभोवती वळावंच लागेल. कुसळाच्या पिळातली प्रत्येक पेशी ही अशी तिरक्या धाग्यांची नळी असते. ओली झाली की एका बाजूला वळते, वाळली की दुसऱ्या बाजूला. अशा असंख्य नळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या की होते दोरी, आणि ती दोरी गिरमिट फिरवते.

हे कोडं सोडवण्याच्या नादाला लागलेला माणूस होता फ्रान्सिस डार्विन, चार्ल्स डार्विनचा मुलगा. स्वतःला जमिनीत गाडून घेणाऱ्या बियांवरचा त्याचा निबंध १८७६ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापला, आणि त्यातली मुख्य वनस्पती होती हीच, स्टिपा पेन्नाटा. पीळ येतो कुठून, हा त्याचा प्रश्न होता. सगळ्या पेशींच्या एकमेकींशी ओढाताणीतून, की प्रत्येकीच्या अंगातूनच? त्याने कुसळातल्या पेशी सुट्या केल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एकटी, कुणाचाही आधार नसलेली पेशीसुद्धा वाळताना वळत होती! सेल्युलोजचे तंतू डोळ्यांनी पाहण्याची कुठलीही सोय तेव्हा नव्हती. तरी तो पेशीच्या भिंतीच्या ठेवणीपर्यंत येऊन पोचला होता.

एवढं वाचून आपल्या माळरानावर फिरलेल्या माणसाला एक गोष्ट केव्हाच आठवली असणार. कुसळ!

दिवाळीनंतर कुठल्याही डोंगरउतारावरून चालून या. मोज्यांत, विजारीत, साडीच्या काठात शेकडो काळपट कुसळं घुसलेली असतात. ओढून काढायला गेलं की आणखी आत जातात. हे कुसळी गवत, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. याच्या कुसळाला पीस नाही, म्हणून त्याला टोपीत कुणी खोवलं नाही. पण यंत्र तेच: टोक, उलटे केस, पीळ, गुडघा. कॉन्टॉर्टस या शब्दाचाच अर्थ पिळवटलेलं. शेंड्यावर सगळी कुसळं एकमेकांत गुरफटून त्यांची अशी वेटोळी होतात, की कुणी मुद्दाम वेणी घालायला बसलं होतं असं वाटावं.

धनगरांना हे गवत दोन्ही बाजूंनी माहीत असतं. कोवळं असताना मेंढ्या ते आवडीने खातात. एकदा का कुसळ धरलं की तेच लोकरीतून कातडीत शिरतं, तोंडात टोचतं. मेंढीची लोकर आणि स्टेपवरच्या वाळक्या पातींचा थर यांत त्या गिरमिटाला काही फरक कळत नाही. डोळ्यातल्या कुसळाची म्हण आपण इतक्या सहज वापरतो, पण डोळ्यात जायला ते कुसळ किती तयारीचं असतं, हे एकदा हातावर घेऊन बघण्यासारखं आहे.

खरंच बघा. मोज्यातलं एक पूर्ण, न तुटलेलं कुसळ काढा. बियाच्या बाजूने चिमटीत धरा आणि पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही. मग वरचा वाकडा हात घड्याळाच्या काट्यासारखा फिरायला लागतो. आपण काहीच करत नसतो, वारा नसतो, आणि ती वाळकी काडी आपल्या बोटांत गोल फिरत असते. मी हा प्रयोग कितीदा केला असेल याची गणती नाही, आणि दर वेळी तो हात हलायला लागला की माझा श्वास थांबतो.

घड्याळाचा काटा ही नुसती उपमा नाही, बरं का. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये आपलं ‘मायक्रोग्राफिया’ हे सूक्ष्मदर्शकातल्या नवलांचं पुस्तक काढलं, त्यात रानटी ओटच्या कुसळावर एक आख्खं प्रकरण आहे. हूकने कुसळ एका छोट्या डबीत बसवलं, वर हलकासा काटा लावला, आणि हवेतला दमटपणा दाखवणारं यंत्र तयार झालं. हवा कोरडी की काटा इकडे, दमट की तिकडे.

आणि सुमारे दीडशे वर्षांनी हीच युक्ती भारतात, आपल्या कुसळावर आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम लॅम्बटन दक्षिण भारताची त्रिकोणमितीय मोजणी करत होता. त्याच्या हाताखाली हेन्री केटर नावाचा एक तरुण अधिकारी होता. हवेतला ओलावा बदलला की दुर्बिणीतून दिसणाऱ्या दूरच्या खुणा किंचित सरकतात आणि मोजणी बिघडते, म्हणून ओलावा मोजणं गरजेचं. केटरने कुसळी गवताचं कुसळ घेतलं आणि त्यापासून अतिशय संवेदनशील आर्द्रतामापक बनवला. फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग काढण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या केटरच्या लंबकाशी आपण झटापट करतो, तोच हा केटर. लंबकाने त्याचं नाव झालं; त्याआधी त्याने आपल्या डोंगरांवरच्या एका कुसळावर विश्वास टाकला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

कुसळाची ही कला गवतांच्या घराण्यात अनेक घरी दिसते. सातारा-सांगली भागात होणारा खपली गहू घ्या. त्याच्या रानटी पूर्वजाच्या दाण्याला दोन लांब कुसळं असतात. दिवसा कोरड्या हवेत ती फाकतात, रात्री दमट हवेत जवळ येतात. बेडूक पोहताना पाय मारतो ना, अगदी तसं. प्रत्येक फटक्याला दाणा मातीत थोडा पुढे ढकलला जातो. हे २००७ मध्ये रिव्का एल्बाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. शेतातला गहू हे काम करेनासा झाला, कारण त्याला पेरायला आपण आलो.

आणि कमाल म्हणजे गवताशी काही नातं नसलेल्या, जिरेनियमच्या कुळातल्या इरोडियम या वनस्पतीनेही स्वतंत्रपणे हेच गिरमिट घडवलं आहे. तिच्यावरून कल्पना घेऊन २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ओक लाकडाच्या पातळ पट्ट्यांपासून, ओल्या-कोरड्याच्या खेळावर स्वतःच जमिनीत शिरणारे बीवाहक बनवले. विमानातून किंवा ड्रोनमधून पेरणी करताना बी वरच्यावर पडून वाया जाऊ नये, हा हेतू. त्यांनी एक सुधारणाही केली. निसर्गातल्या बियाला एकच शेपटी असते. यांनी तीन लावल्या, म्हणजे सपाट जमिनीवरही टोक उभं राहतं.

आता परत बागेत येऊ. पीसगवत लावायचं म्हटलं तर काय लागतं?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे आपली नेहमीची बागकामाची अक्कल उलटी चालवावी लागते. शेणखत घालू? नको. रोज पाणी? मुळीच नको. काळीभोर कसदार माती? तिच्यात ते माजतं, लोळतं आणि हिवाळ्यातल्या ओलीने मुळाशी कुजतं. त्याला हवी खडेमिश्रित, चुनखडीची, पाणी झटकन निचरणारी हलकी जमीन आणि दिवसभर डोक्यावर ऊन. थंडीचं भय नाही; उणे तापमान ते सहज सोसतं. त्याचा जीव घेते ती मुळाशी साचलेली ओल. त्याला एकदा जागा दिली की हलवायचं नाही, मुळं दुखावलेली त्याला खपत नाहीत. आणि इतर गवतांसारखं जमिनीपर्यंत छाटायचंही नाही. वसंतात हातमोजे घालून बोटांनी विंचरायचं, वाळक्या पाती आपोआप हातात येतात. पोरक्या मुलीचे केस असे विंचरावे लागतात!

उपाशी ठेवलं की बरं राहतं, असं हे गवत. पण स्टेपवरच्या त्याच्या गावी जमीन कशी आहे? जगातली सगळ्यात सुपीक, चेर्नोझेम नावाची काळी माती! हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. सुटलं ते क्रम लक्षात आल्यावर. गवत काळ्या मातीवर आलं नाही, काळी माती गवतामुळे झाली. रशियन मृदाशास्त्रज्ञ वसिली दोकुचायेव यांनी चेर्नोझेमवरचा आपला ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा माती हवामान आणि वनस्पती यांच्यातून घडते, हे त्यांनी मांडलं. स्टेपच्या गवतांचा मोठा भाग जमिनीखाली असतो. दर वर्षी मुळं मरतात, कोरड्या उन्हाळ्यात आणि गोठलेल्या हिवाळ्यात ती पुरती कुजत नाहीत, आणि हजारो वर्षांत त्यांचाच काळा थर साचत जातो. आपल्या दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या खडकातून झाली. त्यांची गवताच्या मुळांतून. रंग एकच, जन्मकथा किती वेगळ्या! आणि तिथेही स्टेप कोरडीच, पाणी साचून राहत नाही. म्हणजे गवताची खरी मागणी आहे निचरा. कस असला काय नि नसला काय.

हीच माती त्या गवताच्या मुळावर उठली. इतकी सुपीक जमीन नांगराबाहेर कोण ठेवणार? युरोपातली बहुतेक स्टेप गव्हाखाली गेली, आणि एके काळी क्षितिजापर्यंत हेलकावणारं हे गवत आज हंगेरीसह अनेक देशांत कायद्याने संरक्षित आहे. दक्षिण युक्रेनमधल्या अस्कानिया-नोवा इथे फ्रीडरिख फाल्झ-फाइन या जमीनदाराने १८९८ मध्ये स्टेपचा एक तुकडा नांगर न लावता राखून ठेवला. तिथे आजही पीसगवत उभं आहे. रानटी प्रझेवाल्स्की घोडे जगवण्यातही त्याच माळाचा वाटा आहे. २०२२ पासून तो भाग युद्धात रशियाच्या ताब्यात आहे. तिथल्या बातम्या वाचताना माझं मन त्या माळाकडे जातं.

बागांत मात्र गवतांना विसाव्या शतकात नवे दिवस आले. पॉट्सडॅमजवळ बोर्निम इथे कार्ल फॉर्स्टर हा जर्मन रोपवाटिकाकार फुलांच्या वाफ्यांत गवतं लावा म्हणून आयुष्यभर आग्रह धरत राहिला. नेदरलँडच्या पीट आउडोल्फ यांनी तर गवताला बागेचा कणाच केलं. न्यूयॉर्कमध्ये जुन्या, सोडून दिलेल्या उंच रेल्वेमार्गावर २००९ मध्ये उघडलेल्या हाय लाइन या बागेतली लागवड त्यांच्या हातची. गवत बागेत काय आणतं? फूल रंग आणतं, झाड सावली आणतं. गवत वारा आणतं! वारा एरवी दिसत नाही. गवतातून तो दिसतो. आणि सकाळ-संध्याकाळी ऊन मागून आलं की प्रत्येक पीस कडेने पेटल्यासारखं उजळतं. म्हणून जाणता माळी हे गवत नेहमी पूर्वेला किंवा पश्चिमेला लावतो, म्हणजे आपल्या आणि कलत्या सूर्याच्या मधे.

मला भुरळ घालते ती इंग्लंडच्या एसेक्समधली बेथ चाटो यांची खडीची बाग. तो देशातला सगळ्यात कोरडा भाग. पाऊस आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याची आठवण करून देईल इतपतच. चाटो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या लावायच्या जुन्या जागेवर ही बाग केली आणि ठरवून टाकलं, की एकदा रोपं रुजली की पाणी घालायचं नाही. आजतागायत तिला नळाचं पाणी दिलेलं नाही. तिथे स्टिपाच्या गोतावळ्यातली गवतं आहेत, स्पेनचं माणसाहून उंच, सोनेरी ओटसारखे तुरे काढणारं गवतसुद्धा, आणि ती डौलाने उभी आहेत.

त्याच गोतावळ्यातल्या एका नातेवाइकाबद्दल सावध करायलाच हवं. मेक्सिकन पीसगवत, गुडघ्याएवढं, इतकं मऊ की घोड्याच्या शेपटीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. हे टेक्सास, मेक्सिको आणि अर्जेंटिनाकडचं. लावायला सोपं, आणि तिथेच घात. ते हजारोंनी बी टाकतं आणि बागेच्या कुंपणाबाहेर पडतं. ऑस्ट्रेलियात ते चुकीच्या नावाखाली रोपवाटिकांत विकलं गेलं आणि मग शोधून शोधून उपटावं लागलं, कारण त्याच्याच एका भावंडाने तिथली कुरणं आधीच निकामी केली होती. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. सुंदर आहे म्हणून आणावं असं हे गवत नाही, निदान जिथलं तिथेच शोभावं.

आणि आपल्याकडे खरं पीसगवत? कोकणात विचारच सोडा. चार महिन्यांच्या पावसात त्याची मुळं तग धरणार नाहीत. देशावरही सप्टेंबरचा एक जोरदार पाऊस पुरेसा आहे. भारतात स्टिपा पाहायची तर लडाखला जावं. तिथल्या चांगथांगच्या थंड, कोरड्या पठारावर तिच्या जाती रानोमाळ उगवतात आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या त्यांच्यावर चरतात.

जिथे ते लावतात तिथे पेरणीची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. पसरट कुंडीत वाळू-खडीची माती भरायची. बियांची पिसं तोडायची नाहीत. एकेक बी टोक खाली करून मातीत नुसतं टेकवायचं, उभं राहील एवढंच. मग कुंडी थंडीत बाहेर ठेवून द्यायची आणि धीर धरायचा, कारण अंकुर यायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. पण कुंडी त्याआधीच हालचाल करायला लागते. संध्याकाळी पाण्याचा फवारा मारला की सगळी पिसं आपापल्या गतीने हळूहळू फिरतात, कुणी इकडे तोंड करून, कुणी तिकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी माती कोरडी पडली की तीच पिसं उलटी वळतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, गेली तशी परत आली. पण बियाच्या माथ्यावर शाईचा ठिपका लावून ठेवला असेल तर चार दिवसांनी तो ठिपका मातीखाली गेलेला असतो, आणि वर पीस तेवढं उरलेलं असतं, वाऱ्याची वाट पाहत.